रोल घेतानाच स्कॅनचा विचार हवा

संपादक महोदय,

फिल्म कॅमेऱ्यांविषयी सध्या बरेच छापून येते. त्यात कॅमेऱ्याचे कौतुक भरपूर असते, पण रोल कोणता घ्यावा याला जेमतेम एक ओळ मिळते. आज बहुतेक कृष्णधवल निगेटिव्ह एन्लार्जरखाली (अंधारखोलीत निगेटिव्ह मोठी करून कागदावर छापणाऱ्या यंत्राखाली) जात नाहीत, स्कॅन होतात. प्रिंट बिघडली की दोष स्कॅनरला दिला जातो. पुष्कळदा तो रोलच्या निवडीत असतो.

पहिला फरक धुळीचा. स्कॅनरची धूळ पुसण्याची सोय अवरक्त किरणांवर चालते. इलफर्ड एचपी५ किंवा कोडॅक ट्राय-एक्स या कृष्णधवल रोलांतली प्रतिमा चांदीची असते आणि चांदी धुळीप्रमाणेच हे किरण अडवते. त्यामुळे सॉफ्टवेअर चित्रालाच धूळ समजून खरवडते. अशा रोलसाठी ती सोय बंदच ठेवावी आणि ठिपके हाताने काढावेत. इलफर्ड एक्सपी२ रंगीत रोलसारखा सी-४१ या रंगीत निगेटिव्हच्या प्रक्रियेत धुतला जातो. त्यातली प्रतिमा रंगद्रव्याची असल्याने ही सोय तिथे चोख चालते. हा ४०० आयएसओचा (प्रकाशाला किती संवेदनशील, त्याचा आकडा) रोल २०० चा समजून, म्हणजे जास्त प्रकाश देऊन, एक्सपोज केला तर दाणा, म्हणजे चित्रातला रवाळपणा, आणखी मऊ येतो. मात्र रंगद्रव्य चांदीइतके टिकत नाही. घरचा ठेवा म्हणून जपायचे असेल तर चांदीचाच रोल बरा.

दुसरा प्रश्न दाण्याचा. फ्लॅटबेडवर (सपाट काचेच्या स्कॅनरवर) साधारण २४०० डीपीआयला (इंचाला २४०० ठिपके) ४०० च्या रोलचा दाणा आणि स्कॅनरचे पिक्सेल एकमेकांत अडकतात. मग निरभ्र आकाशात मिरपूड भुरभुरल्यासारखी दिसते, एन्लार्जरच्या प्रिंटमध्ये कधीच दिसली नसती एवढी. त्यावर संगणकात शार्पनिंग (कडा ठळक करणे) चढवले की संपलेच. ३५ मिमीवरून १२ इंची प्रिंट हवी असेल तर डेल्टा १०० किंवा टी-मॅक्स १०० हा बारीक दाण्याचा रोल घ्यावा. टी-मॅक्सला फिक्सर (प्रतिमा पक्की करणारे रसायन) ताजा आणि वेळ जास्त लागतो, नाहीतर निगेटिव्ह गुलाबी राहते.

तिसरी गोष्ट डेव्हलपिंगची. स्कॅनसाठी निगेटिव्ह थोडी मवाळ असावी. काँट्रास्ट संगणकावर वाढवता येतो. पण निगेटिव्हवर आकाश फार दाट झाले तर स्कॅनरचा प्रकाश त्यातून पोचत नाही आणि तिथे फक्त खरखर उमटते. एचपी५ ला आयडी-११ या डेव्हलपरमध्ये, १+१ (एक भाग डेव्हलपर, एक भाग पाणी), २० अंशांवर १३ मिनिटे सांगितली आहेत. स्कॅनसाठी ११ ते साडेअकरा पुरतात. मे महिन्यात नळाचे पाणी २० अंशांच्या पुष्कळ वर असते. तेव्हा बर्फाच्या पिशव्यांनी रसायन थंड करावे, नाहीतर हाच वेळ निगेटिव्ह काळीकुट्ट करतो. उलट, एक्सपोजर कमी पडून सावल्या कोऱ्या राहिल्या तर त्या कोणत्याही स्कॅनरला सापडत नाहीत.

स्कॅन १६ बिटमध्ये, म्हणजे करड्या छटांच्या जास्त पायऱ्यांत, घ्यावा. आणि कलर लॅबच्या रंगीत कागदावर काढलेल्या प्रिंटला हिरवट किंवा जांभळट झाक आली तर रोलला नावे ठेवू नयेत. ती त्या कागदाची आहे.

– एक वाचक, पुणे