वेल्मा तळ्याकाठी भेटलेल्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. फोन थंडीने केव्हाच बंद पडले होते आणि गाडीपाशी निरोप घेताना माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय. कॅलिफोर्नियातल्या बे एरियातलं कुणीतरी ओळखेल आणि तुमच्यापर्यंत पोचवेल, असं वाटतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, लेक टाहोजवळच्या डेसोलेशन वाइल्डर्नेस या राखीव रानात, मिडल वेल्मा तळ्याकाठी पिवळ्या तंबूत ज्या दोघी होत्या ना, त्यांतली उंच ती मी.

वाट जिथे सुरू होते त्या बेव्ह्यूहून ते तळं जेमतेम पाच मैल. राजगड, रतनगड, हरिश्चंद्रगड पायाखाली घातलेल्या आम्हाला ते अंतर किरकोळ वाटलं होतं. बर्फाचा अंदाजही इंच-दोन इंचांचाच होता. संध्याकाळी भुरभुर सुरू झाली तेव्हा आम्ही आनंदाने फोटो काढत होतो, आणि बूट ओले होताहेत याकडे दोघींचंही लक्ष नव्हतं.

रात्री दोनच्या सुमाराला जाग आली तेव्हा तंबूचं कापड गालाला लागत होतं. बाहेर वारा नाही, आवाज नाही, नुसतं जड काहीतरी वरून दाबतंय. आणि तेवढ्यात तुमची हाक आली. "पोरींनो, आतनं थापट्या मारा की! बर्फ खाली पडू दे." पाणी भरताना आमचं बोलणं तुमच्या कानावर पडलं होतं, हे तुम्ही नंतर सांगितलंत. पण त्या क्षणी, ७,९०० फुटांवर, काळोखात मराठी ऐकून मला आधी वाटलं की मी झोपेतच आहे.

माझी मैत्रीण थरथरत होती. चहा करावा म्हटलं तर शेगडी पेटून लगेच विझायची. तुम्ही तो गॅसचा छोटा डबा उचललात, कोटाच्या आत पोटाशी धरलात आणि आमच्या तंबूच्या दारात उकिडव्या बसलात. "गारठला की गॅस वर यायला तयार होत नाही, त्यालाही ऊब लागते." दहा मिनिटांनी निळी ज्योत सरळ उभी राहिली. उकळतं पाणी बाटलीत भरून, बाटलीला मोजा चढवून तुम्ही ती तिच्या मांड्यांमध्ये ठेवायला सांगितलीत. तिची थरथर थांबेपर्यंत तुम्ही हलला नाहीत. तुमच्या पाठीवर बर्फ साचत होता, ते मी बॅटरीच्या उजेडात बघत होते.

मग एकदम विचारलंत, "पाण्याचा फिल्टर कुठाय?" तो सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात होता, कडक झालेला. आतल्या केसाएवढ्या नळ्या गोठून तडकल्या तर वरून काहीच कळत नाही आणि जंतू आरपार जातात, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. आता सगळं पाणी उकळूनच प्यायचं, असं तुम्ही बजावलंत. तुमचा स्वतःचा फिल्टर झोपताना स्लीपिंग बॅगमध्ये, छातीशी असतो म्हणालात. आता माझाही असतो.

आणि सकाळ! वीतभर बर्फ, त्यावर कोवळं ऊन, तळं मात्र अजून उघडं आणि काळंभोर. इतकं सुंदर काही मी आजवर पाहिलं नव्हतं, आणि इतकी भीतीही कधी वाटली नव्हती. तिथली वाट बरीचशी ग्रॅनाइटच्या सपाट कातळावरून जाते. खुणेला रचलेले दगड सगळे बर्फाखाली. सह्याद्रीत चुकलं तर ढोरवाट तरी सापडते, कुणी गुराखी भेटतो. इथे चहूकडे एकसारखं पांढरं.

तुम्ही नकाशा आणि होकायंत्र काढलंत, पण त्याहून जास्त तुम्ही झाडांकडे बघत होतात. एका आडव्या ओंडक्यापाशी थांबून त्याच्या टोकावरचा बर्फ हाताने पुसलात. टोक सपाट होतं. "हे वाऱ्याने मोडलेलं नाही, करवतीने कापलंय. म्हणजे वाट इथून गेली." वाइल्डर्नेसमध्ये यंत्राची करवत चालत नाही, वाटेत पडलेली झाडं माणसं हाताने कापतात, हेही तुम्ही तिथेच सांगितलंत. त्यानंतर तशी चार टोकं आम्ही शोधली. चौथं माझ्या मैत्रिणीने शोधलं, तेव्हा तुम्ही तिला गूळ-शेंगदाण्याचा लाडू दिलात. मॅगीज पीक्सच्या खिंडीतून खाली ग्रॅनाइट लेक आणि त्याच्यापलीकडे टाहोचं निळं पाणी दिसलं आणि मी मटकन खाली बसले. तुम्ही शेजारी बसून राहिलात, उठवायची घाई केली नाहीत. वाटभर एकदाही "एवढी तयारी न करता कशाला आलात" असं म्हणाला नाहीत. माझ्या आईने नक्की म्हटलं असतं.

मला आभार मानायचे आहेत ते मात्र आणखी एका गोष्टीसाठी. खिंडीत तुम्ही नकाशा मला धरायला दिला होतात, तो माझ्या कोटाच्या खिशातच राहिला. घरी आल्यावर वाळत घातला तेव्हा पेन्सिलीची रेघ दिसली. मिडल वेल्मापासून वर फोंटानिलिस तळं, तिथून डिक्स तळं, आणि तिथे एक छोटा गोल, त्यात "दुसरी रात्र". तुमच्याकडे बर्फाचे बूट होते, चांगला तंबू होता, शिधा होता. तुम्ही पुढे जाणार होतात. आमच्यासाठी मागे फिरलात, आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. उलट "मलाही आज खालीच जायचंय" असं म्हणालात, ते आम्ही खरं मानलं.

नकाशा वाळलाय. घड्यांवर जरा फाटला होता, तिथे मागून चिकटपट्टी लावली आहे, पेन्सिलीला धक्का लागू दिलेला नाही. काकू, तो परत न्यायला या, नाहीतर मला बोलवा. जुलैत वरचा बर्फ उतरला की ती रेघ तुमच्याबरोबर चालायची आमची दोघींची इच्छा आहे. लाडू या वेळी आम्ही आणू.

तुमची,
पिवळ्या तंबूतली उंच मुलगी