विसरले नाही रे, मला पोचलंच नव्हतं

बाळ्या,

हे फोनवर सांगितलं असतं पण फोनवरच तर सगळा घोळ होतो, म्हणून टाइप करतेय, एका बोटाने, चुका असतील तर समजून घे.

दिवाळीत तुम्ही आलात तेव्हा एफसी रोडला जेवायला गेलेलो आठवतंय? तिथे तू परतीच्या फ्लाइटचं काहीतरी सांगितलंस, चिमीच्या शाळेचं काहीतरी, मधेच वेटर आला, मागच्या टेबलावर कुणाचातरी बर्थडे चाललेला, आणि मी आपली सगळ्याला मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं निघताय कधी, तर तू म्हणालास "आई, कालच सांगितलं ना" आणि सूनबाईकडे एक नजर टाकलीस. ती मला बरोबर दिसली, मोतीबिंदू काढल्यापासून डोळे झकास आहेत माझे. आणि परवा म्हणालास की मेमरीचं एकदा कुणाला तरी दाखवून घेऊया.

तर मी आधी कान दाखवून आले. इथेच कोथरूडात. छोट्या बंद खोलीत बसवतात, हेडफोन लावतात, टूंऽ ऐकू आलं की बटण दाबायचं. मग त्या मुलीने आलेख दाखवला. जाड, खालच्या पट्टीच्या आवाजांना रेघ बरीचशी सपाट, आणि १००० हर्ट्झच्या पुढे पर्वतीच्या पायऱ्या उतरल्यासारखी धडाधड खाली, ४००० ला दोन्ही कानांत ६० डेसिबल, म्हणजे आवाज तेवढा मोठा केला तेव्हा कुठे ऐकू आला. २०-२५ पर्यंत असलं तर नॉर्मल म्हणे. आतल्या बारीक केसांच्या पेशी असतात, जन्माला येताना एकेका कानात साधारण १५ हजार, त्या वयाने झिजतात आणि परत उगवत नाहीत. त्यातही बारीक, वरच्या पट्टीच्या आवाजाच्या आधी जातात.

ती बिचारी समजावून सांगत होती आणि मला हसू येत होतं, कारण हे मला माहिती होतं रे! आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजात ट्रंकला काढलं मी, परगावचे फोन जोडून देण्यात, पुण्याचा कोड ०२१२ होता तेव्हापासून. टेलिफोनच्या लाइनीतून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच जायचं. 'स'चा जोर असतो त्याच्या वरती, म्हणून फोनवर स आणि फ एकसारखे लागायचे आणि आम्ही गिऱ्हाइकाला विचारायचो, स समईचा का फ फणसाचा? आता माझा कानच जुनी ट्रंक लाइन झालाय. स्वर दणकून येतात म्हणून मला वाटतं ऐकू तर येतंय, पण व्यंजनं गळलेली असतात. साठचं आठ होतं. सुनेचं ऊन होतं (हे तिला सांगू नकोस). मंडईत भाजीवाला साठ म्हणाला आणि मला आठ ऐकू आलं तरी चालतं, आठ रुपये किलो काहीच मिळत नाही हे डोकं आपोआप सांगतं. पण तू "सातला पोचतो" म्हणालास तर डोक्याने अंदाज कशावरून करायचा?

आणि खरी गंमत पुढे आहे. मी म्हटलं अहो पण ऐकलेलं पण राहत नाही डोक्यात, त्याचं काय? तर तिने १९६८ चा एक प्रयोग सांगितला, रॅबिट नावाच्या ब्रिटिश माणसाचा. लोकांना आकड्यांची यादी ऐकवायची आणि मग आठवून सांगायला लावायची. पहिले आकडे स्वच्छ, पुढचे खरखरीत. तर खरखरीतले तर सोड, पहिले जे स्वच्छ ऐकू आले होते ते पण लोकांना कमी आठवले! म्हणजे पुढचे ओळखायच्या खटपटीत मागचे साठवायला जागाच उरली नाही. अगदी माझं हॉटेलातलं झालेलं. तू "सतरा तारखेला" म्हणालास ते पोचलं असेल पण, मी त्याच्या पुढच्या वाक्याशी झटत होते तेवढ्यात ते निसटलं. संध्याकाळपर्यंत डोकं असं शिणतं की विचारू नकोस, सगळे गप्पा मारतात आणि मी कोडी सोडवते.

वयाचा वाटा आहेच, ते नाकारत नाही. चांगलं ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्यांना पण भरभर बोललं की जड जातं. पण वाक्य संपल्यावर जरा थांबलं तर बराच फरक पडतो, अख्खं बोलणं रबरासारखं ताणायची गरज नसते. आणि ओरडू नकोस रे. हळू आवाज पोचत नाही आणि मोठा एकदम टोचतो, मधली जागा अरुंद झालीय.

कानाचं मशीन घेतलंय. पहिले चार दिवस पिशवीचा चुरचुर आवाज, भांडी, पंखा, सगळं कानात घुसलं, काढून फेकावंसं वाटलं. आता बरं आहे. मेंदू तल्लख होईल असल्या जाहिरातींवर माझा विश्वास नाही. २०२३ ला अमेरिकेतल्या ९७७ म्हाताऱ्यांवरच्या अभ्यासाचा निकाल आला, तीन वर्षांत सगळे मिळून बघितले तर मशीनने मेंदूच्या घसरणीत फरक नाही, पण ज्यांना आधीच धोका जास्त होता त्यांची घसरण बरीच मंदावली. मेमरीची टेस्ट पण करू, माझी ना नाही. फक्त मशीन घालून करू, नाहीतर डॉक्टर पाच शब्द सांगणार, मला तीन पोचणार आणि दोनाचे मार्क मेमरीचे कापणार.

एक गोष्ट मात्र मनात सलते. तुझे बाबा शेवटची चार-पाच वर्षं गप्प गप्प झाले होते, पाहुणे आले की पेपर घेऊन आत जाऊन बसायचे. आपण म्हणायचो विसरभोळे झाले, तिरसट झाले. मी तर दिवसातून दहादा, "सांगितलं होतं ना तुम्हाला!" मी, ट्रंकवाली. त्यांचा कान तपासायचं एकदाही सुचलं नाही मला.

एक्स्चेंजमध्ये आम्हाला सवय लावलेली, नंबर घेतला की परत म्हणून दाखवायचा, मगच लावायचा. तसंच करणार आहे आता. तू सांगितलंस की मी परत म्हणून दाखवीन, वैतागू नकोस, चूक असेल तर तेवढाच शब्द दुरुस्त कर.

आणि काल चिमी फोनवर म्हणाली गॅदरिंगला लागणार आहेत म्हणून, तर टिपऱ्या म्हणाली का टिकल्या? व्हिडिओवर असती तर कळलं असतं, प ला ओठ मिटतात. उद्या तुळशीबागेत जातेय, दोन्ही मिळतं तिथे, मेसेज टाक.

आई