सुट्टीवर येण्याआधी वाच

नागपूर, तान्ह्या पोळ्याचा दुसरा दिवस

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

तुझा मेल मिळाला. जहाज कुठे आहे, कधी परतणार, ते तू लिहीत नाहीस आणि मीही विचारत नाही. शेजारी विचारतात, त्यांना "पश्चिमेला आहे" एवढंच सांगतो.

तुम्हा नौदलवाल्यांची बातमी इथं कधी येते? मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकातानं चाच्यांनी पळवलेलं 'रुएन' जहाज सोडवलं, नौदलाचे मार्कोस कमांडो हवाई दलाच्या विमानातून समुद्रात उतरले, ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी सुटले, तेव्हा आली. ती कारवाई चाळीस तासांची. पण २००८ पासून एडनच्या आखातात आपली जहाजं गस्त घालताहेत, त्यातले बाकीचे दिवस कोण छापणार? आमच्या रेल्वेचंही तेच. गाडी घसरली तरच पेपरात.

रात्री बारा ते चारची वॉचची पाळी जड जाते म्हणालास. इटारसीच्या लाइनवर मालगाडी नेताना मलाही पहाटे तीननंतरचा तास खायला उठायचा. पण तुमच्याकडे एक शहाणपणा आहे. संध्याकाळी चार ते आठचे दोन तुकडे पाडून दिवसाचे सहाऐवजी सात वॉच केलेत, म्हणजे पाळी रोज सरकते आणि तीच रात्र रोज एकाच्याच माथी येत नाही. आमच्या ड्रायव्हरांच्या ड्युट्या लावणाऱ्या लॉबीत हे कुणाला सुचलं नाही.

पावसाळ्यात समुद्र खवळलेला, चाच्यांच्या छोट्या होड्या फारशा बाहेर पडत नाहीत, हे ऐकून तुझ्या आईला बरं वाटलं. त्याच लाटांत तुम्हाला ताट धरून जेवावं लागतं, हे मी तिला सांगितलं नाही.

आता मुद्द्याचं. महिनोन्महिने बाहेर राहिलेल्या माणसाला वाटतं, आपण सोडलं तिथूनच घर पुढं सुरू होईल. तसं होत नाही. आमचे कितीतरी ड्रायव्हर बाहेरगावच्या मुक्कामाच्या रनिंग रूममधून येऊन चप्पल काढायच्या आत हुकूम सोडायचे, आणि बायकापोरं त्यांच्या पुढच्या ड्युटीची वाट बघायची! इथं सुनबाईनं उन्हाळ्यात कूलरचा पंप स्वतः बदलला. फी, गॅस, कर्जाचा हप्ता, सगळं तिच्या हिशेबानं चालतं आणि चांगलं चालतं. छकुली आता आजीजवळ झोपते. काल लाकडी बैल घेऊन मिरवली, बोजाऱ्याचे पैसे मिळाले ते आजीच्या बटव्यात टाकले. तू हात पुढे केलास की धावत येईलच असं नाही. दोन-चार दिवस लाजेल. मनाला लावून घेऊ नकोस आणि चॉकलेटं देऊन घाईही करू नकोस.

तुझंही अंग लगेच ताळ्यावर येणार नाही. न्हाणीत उभा राहिलास की फरशी हलतेय असं वाटेल, रात्री बाराला जाग येईल. येऊ दे. पहिला आठवडा कुणाकडे जेवायला जायचं नाही, असं मी तुझ्या मामाला आधीच सांगून ठेवलंय. तो रुसला. रुसू दे.

गच्चीवरची टाकी गळतेय. सुनबाई प्लंबर बोलावते म्हणाली, तर तू लिहिलंस, "मी आल्यावर बघतो." तिला आजच हो म्हणून कळव. खालच्या खोलीत ओल उतरायला लागलीय.

तुझे
बाबा