शांघायच्या अबोल मुलांचे काय झाले?

महोदय,

आपल्या वाचकांच्या पत्रांत चिनी मुलांच्या शिस्तीचा विषय अधूनमधून निघतो. ही मुले जात्याच आज्ञाधारक, मितभाषी; कन्फ्यूशियसच्या संस्कारांत वाढलेली, असा त्या पत्रांचा साधारण सूर असतो. पतीच्या नोकरीमुळे आम्ही शांघायला राहतो आणि आमची मुलगी इथल्याच प्राथमिक शाळेत जाते. जे रोज पाहते आहे त्यावरून मला हे पटत नाही, म्हणून हे पत्र.

शिन्यिन चेन या मानसशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह याच शहरातल्या प्राथमिक शाळांत 1990, 1998 आणि 2002 अशा तीन वेळा मुलांचा अभ्यास केला. मुलांना सांगायचे, समजा तुम्ही नाटक बसवताय. फार लाजाळू असणाऱ्याची किंवा ज्याचे मन पटकन दुखावते त्याची भूमिका वर्गातले कोण छान करेल? शिवाय कोणाबरोबर राहायला आवडते, कोणाबरोबर नाही, हेही विचारायचे. 1990 मध्ये वर्गाने ज्यांना लाजाळू ठरवले ती मुले वर्गाची आवडती निघाली. अभ्यासात पुढे, शिक्षकांचे मत चांगले, वर्गातल्या जबाबदारीच्या जागाही त्यांच्याकडे. त्याच सुमारास कॅनडातल्या शाळांत अशी मुले एकटी पडत होती. 1998 मध्ये शांघायचे चित्र संमिश्र झाले. आणि 2002 मध्ये तिथल्या लाजाळू मुलांना सवंगडी टाळू लागले होते, शाळेत त्यांचे जमत नव्हते, त्यांच्यात उदासीही दिसत होती.

शहर तेच आणि मुलांचे वयही साधारण तेच. कन्फ्यूशियस तर अडीच हजार वर्षांपूर्वीचा. बारा वर्षांत बदलले ते मोठ्यांचे जग. शांघायच्या पूर्वेकडच्या पुडोंग भागाच्या विकासाची घोषणा 1990 मधलीच, इथला शेअर बाजारही त्याच वर्षीच्या डिसेंबरात उघडला. पदवीधरांना सरकारनेच नोकरी नेमून द्यायची पद्धत त्या दशकात मोडीत निघाली. नोकरी आता मुलाखतीत स्वतःला मांडून मिळवायची झाली. 1999 मध्ये सरकारने शिक्षण निव्वळ परीक्षेपुरते नको, मुलांच्या सर्वांगीण गुणांना वाव द्या, असा निर्णय घेतला. तो चांगलाच होता. पण पुढाकार घेणे, धिटाईने बोलणे यांचे मोल वाढले, आणि गप्प राहणारे मूल ‘मागे पडलेले’ दिसू लागले.

आमच्या शेजारी हे एकाच घरात पाहायला मिळते. नात आठ वर्षांची. शाळा सुटल्यावर तिला न्यायला आजी येते. आजी मला म्हणाली, “हिची आई अशीच होती. शिक्षिका बाकीच्यांना सांगायच्या, तिच्यासारखे बसा.” ती आई 1990 मध्ये तिसरीत होती आणि वर्गप्रमुख होती. आता तिच्याच मुलीबद्दल पालकसभेत तिला ऐकावे लागते, “हुशार आहे, पण हात वर करत नाही. आत्मविश्वास वाढवा.” म्हणून दर शनिवारी ‘छोटे निवेदक’ घडवणारा क्लास लावला आहे. हातात माइक, ठरलेले हातवारे, ठरलेले हसू. शनिवारी सकाळी त्या मुलीचे पोट दुखते. आईला हे कळत नाही असे नाही. पण पुढे मुलीचा निभाव कसा लागणार, ही भीती तिला सोडत नाही.

हीच मुलगी आमच्याकडे अभ्यासाला येते. माझ्या मुलीचे चिनी अक्षर चुकले तर ती तिच्या हातातली पेन्सिल ओढून घेत नाही, ‘चुकलीस’ असेही म्हणत नाही. आपल्या वहीत तेच अक्षर एकेक रेघ करत हळू काढते, शेजारी दिसेल असे. माझी मुलगी बघते आणि खोडरबर घेते. आठव्या वर्षी दुसऱ्याच्या मनाची इतकी जाण! प्रगतिपुस्तकात या जाणिवेला कुठे रकाना नाही, तिथे हात किती वेळा वर झाला हे मोजतात.

जुना काळ बरा होता असे मी मुळीच म्हणत नाही. मुकाट्याने बसणारे मूल तेच शहाणे, ही फूटपट्टी शिक्षकांच्या सोयीची होती आणि बडबड्या, हट्टी मुलांवर तिने अन्याय केला असणार. आजच्या चीनमध्येही सगळीकडे एकच माप नाही. चेन यांच्याच 2009 मधल्या अभ्यासात खेड्यांतून शहरात आलेल्या मजुरांच्या मुलांत लाजाळूपणाला अजून मान होता, तर शहरी मुलांत तोच स्वभाव अडचणीचा ठरत होता. एकाच देशात, एकाच काळात ‘चिनी मूल’ असे दोन प्रकारे वाढते आहे.

तेव्हा आपल्या पुरवणीत चिनी मुलांवर लेख छापताना ती कोणत्या वर्षांतली, शहरी घरातली की स्थलांतरित मजुराच्या, एवढे लेखकांना जरूर विचारावे. आणि जमल्यास एकदा अबोल मुलांच्या पालकांनाही लिहायला सांगावे. आमच्या शेजारणीला सांगण्यासारखे पुष्कळ आहे. तिची हरकत नसेल तर मराठीत उतरवून द्यायला मी तयार आहे.

आपली,
एक वाचक, शांघाय