मृग लागायच्या आत टेबल लावून घे

सावईवेरे, फोंडा, गोवा
मे महिन्याचा दुसरा आठवडा

प्रिय रामनाथ,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पुण्याचं भाड्याचं घर सोडून तू साखळीला कायमचा आलास आणि कंपनीनेही घरून काम करायला परवानगी दिली, हे वाचून फार बरं वाटलं. काकी आता एकट्या नाहीत, याचं मला सगळ्यात जास्त समाधान. पण पत्राच्या शेवटी तू जाता जाता लिहिलंयस की जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून काम करतोस, मान आखडते, उजवा खांदा रात्री ठणकतो. आणि आता चांगला सेटअप करायचा म्हणून मोबाईलवर फोटो बघत बसतोस. ते वाचून राहवलं नाही. वर्षानुवर्षं मी घरात बसूनच भाषांतराची कामं करतोय, त्यामुळे या विषयात मला जे कळतं ते सगळं तुला सांगून टाकतो. ते फोटो कुठल्यातरी थंड, कोरड्या गावातल्या घरांचे असतात. तुझं घर चिऱ्याच्या भिंतींचं, वर मंगळुरी कौलं, आणि अजून महिन्याभरात मृग लागेल.

आधी जागा. तुझ्या मनात पडवी आहे. रामनाथ, पडवी नको. तिथून अंगण आणि माड दिसतात, वारा येतो, सगळं कबूल. पण आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, आणि जोराची झड आली की पडवीचा अर्धा भाग ओला होतो. उरलेल्या अर्ध्यात दमट हवा असतेच. शिवाय बाहेरच्या उजेडाकडे पाठ करून बसलास तर सगळा उजेड स्क्रीनवर, आणि तोंड करून बसलास तर दिवसभर डोळे बारीक करावे लागतात. त्यात रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस 'कधी आलास?' म्हणून पायरी चढणार. त्याला 'मी कामात आहे' असं सांगणं तुला जमणार नाही आणि जमूही नये. पडवी संध्याकाळच्या चहासाठी राखून ठेव.

माजघराला लागून उत्तरेची खोली आहे ना, काका हिशेबाच्या वह्या ठेवायचे ती? ती घे. उत्तरेच्या खिडकीतून दिवसभर जवळजवळ सारखाच उजेड येतो, ऊन फारसं अंगावर येत नाही आणि झडही क्वचितच. टेबल असं लाव की खिडकी डाव्या हाताला येईल, समोर नको आणि पाठीमागेही नको. तू उजव्या हाताने लिहितोस, त्यामुळे कागदावर हाताची सावली पडणार नाही आणि स्क्रीनवर खिडकीचं प्रतिबिंबही दिसणार नाही. खोली काळोखी आहे हे मला आठवतं. त्यावर उपाय छपरातच आहे: चार-दोन मातीची कौलं काढून त्यांच्या जागी काचेची कौलं बसवून घे. फक्त ती टेबलाच्या बरोबर वर नकोत, नाहीतर भर दुपारी उन्हाचा चौकोन थेट की-बोर्डवर उतरेल. पाऊस सुरू झाल्यावर कौलांवर कुणी चढत नाही, तेव्हा हे आत्ताच.

आता टेबल. तुझा खांदा ठणकतो त्याचं मूळ मला इथे दिसतं. बाजारातली बहुतेक टेबलं २९ ते ३० इंच उंचीची असतात, जेवणाची टेबलंही तेवढीच. ही उंची टाईप करण्यासाठी उंच माणसाला बरी पडते. आपल्यासारख्या मध्यम उंचीच्या माणसाला तिथे टाईप करायचं म्हणजे नकळत खांदे उचलून धरावे लागतात, आणि दिवसभर उचललेला खांदा रात्री बोलतो. म्हणून टेबल बघायच्या आधी स्वतःचं माप घे. खुर्चीवर सरळ बस, दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकव, खांदे सैल सोड आणि कोपर काटकोनात वाकव. मग वहिनींना जमिनीपासून कोपराच्या खालच्या कडेपर्यंत टेप लावायला सांग. जो आकडा येईल तेवढ्यावर तुझी बोटं आली पाहिजेत. म्हणजे की-बोर्डची जाडी वजा केली की टेबलाची उंची निघाली. माझा आकडा साडेपंचवीस इंच आला. तू माझ्यापेक्षा उंच आहेस, तुझा थोडा जास्त येईल. पण ३० नक्कीच येणार नाही.

काकांचं सागवानी टेबल तू वापरायचं म्हणतोस, त्यामागची भावना मला कळते. ते हाताने लिहिण्यासाठी केलेलं टेबल आहे. लिहिताना पृष्ठभाग कोपरापेक्षा थोडा वर असला तरी चालतो, टाईप करताना चालत नाही. आणि त्याला मधोमध खण आहे. खुर्ची वर घेतलीस तर मांड्या खणाला घासतील, पाय कापून टेबल खाली आणलंस तरी तेच होईल. त्याला करवत लावू नकोस. ते त्याच खोलीत राहू दे, वाचायचे कागद, सह्या, हाताने लिहायचं काम त्याच्यावर कर. की-बोर्डसाठी मेस्ताकडून, म्हणजे सुताराकडून, एक साधं टेबल करून घे: ४ फूट लांब, निदान २ फूट रुंद, खाली खण नाही, चार पाय आणि वर फळी. फळी मरीन प्लायची घे, तिच्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो. तिचा डिंक उकळत्या पाण्यातही सुटत नाही. भुशाच्या दाबलेल्या फळीचं तयार टेबल घेऊ नकोस. माझ्या चुलतभावाने घेतलं होतं, पहिल्याच पावसाळ्यात त्याच्या कडा पाव भिजावा तशा फुगल्या. आणि मेस्ताला निक्षून सांग, पॉलिश वरून, खालून आणि कडांनाही हवं. दिसत नाही म्हणून खालची बाजू कोरीच सोडायची सवय असते, आणि दमट हवा तिथूनच आत शिरते.

खुर्चीला पैसे घाल. एकाच वस्तूवर हात सैल सोडायचा असेल तर तो इथे. जाळीच्या पाठीची घे, उंची कमीजास्त होणारी, कंबरेला आधार देणारी. रेक्झिनची अजिबात नको. आपल्याकडे जुलै-ऑगस्टात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, रेक्झिनवर बुरशीचे पांढरे ठिपके येतात, मग त्याचे पापुद्रे निघतात, आणि घामाने पाठ चिकटते ते वेगळंच. दुकानात जाऊन बसून बघ: पाठ पूर्ण टेकल्यावर बैठकीची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं जागा उरली पाहिजे. तेवढी नसेल तर पायाला रग लागते. पाय अधांतरी राहत असतील तर खाली काहीतरी हवं. कुणी म्हणेल पाट ठेव, पण काकींना पाट पायाखाली घेतलेला खपणार नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. मेस्ताकडूनच एक तिरकी फळी करून घे, उरलेल्या लाकडात होऊन जाते.

लॅपटॉपबद्दल थोडक्यात. मानेचं दुखणं त्याच्या घडणीतच आहे: स्क्रीन आणि की-बोर्ड एकाच बिजागरीला, त्यामुळे हात बरोबर ठेवला की मान खाली जाते, मान वर केली की हात वर जातात. लॅपटॉप स्टँडवर चढव, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली, अंतर साधारण एक हात. की-बोर्ड आणि माऊस वेगळे घे. की-बोर्ड उजवीकडच्या आकड्यांच्या खान्याशिवायचा बघ, म्हणजे माऊस जवळ येतो आणि खांदा बाहेर ताणावा लागत नाही. मी मराठी इनस्क्रिप्ट या की-बोर्ड मांडणीने टाईप करतो. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला. उजव्या हातावर आधीच भार जास्त, म्हणून माऊस मी डावीकडे घेतला. आठवडाभर अवघडल्यासारखं होतं, मग हात वळतो. तुझा उजवा खांदा दुखतोय तोवर तूही करून बघ.

टेबलावर काय ठेवायचं, हे तू विचारलंयस. खरं सांगायचं तर मला याच गोष्टीबद्दल सगळ्यात जास्त लिहायचं होतं. आपल्या गावात मोकळं टेबल ही गरज आहे. ज्या वस्तूला रोज हात लागत नाही, तिला पावसात बुरशी लागते. एखादी वही चार दिवस पालथी पडू दे आणि मग उचल: खालच्या पुठ्ठ्यावर हिरवट-करडी साय धरलेली दिसेल आणि फळीवर तिचा ओलसर चौकोन. कातडी पाकीट, चष्म्याचं घर, हेडफोनच्या गाद्या, सगळ्यांची तीच गत. म्हणून मी एवढंच बघतो: काल हिला हात लागला का? लागला असेल तर टेबलावर राहील, नसेल तर कपाटात जाईल. असं करता करता माझ्या टेबलावर स्टँडवरचा लॅपटॉप, की-बोर्ड, माऊस, एक वही, एक पेन, दिवा आणि कागद पंख्याने उडू नयेत म्हणून आजोबांच्या दुकानातलं पितळी वजन, एवढंच राहिलं. पाण्याचा तांब्या बाजूच्या स्टुलावर, टेबलावर कधीच नाही. सकाळी एका फडक्याने सगळी फळी एका दमात पुसता येते, आणि पावसाळ्यात ती रोज पुसावी लागते.

बाकीचं कपाटात, पण कपाटही कोरडं हवं. एक झिरोचा बल्ब (तारेचा, एलईडी नव्हे) तळाशी, कपड्या-कागदांना चिकटणार नाही असा, दिवसातून काही तास लावायचा. त्याच्या उबेने दमटपणा जातो. कॅमेरा, हार्ड डिस्क, कागदपत्रं झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. काकी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, यादी करत असतीलच. मिरच्या, सोलं, सुक्या मासळीबरोबर या पुड्याही त्या यादीत चढव. टेबल भिंतीपासून चार बोटं पुढे असू दे. चिऱ्याची भिंत पावसात ओल धरते, हवा खेळायला फट लागते, आणि वाळवी भिंतीवरून वर चढली तर तिची मातीची रेघ तुला लगेच दिसेल. फटीतून वायरीही सरळ मागे सोडता येतात.

वायरींचं मात्र मनावर घे, कारण इथे प्रश्न जिवाचा आहे. जुन्या घरात अर्थिंग असेलच असं नाही. धातूच्या लॅपटॉपवर मनगट टेकल्यावर बारीक झिणझिण्या येत असतील तर ती त्याची खूण असू शकते. चांगला वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घे आणि गळतीची वीज तोडणारा ईएलसीबी बसवून घे. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर नको, टेबलाच्या फळीला खालून स्क्रूने आवळ. पायात वायरी येत नाहीत, केर काढता येतो. शिवाय वाळवंटी नदीचं पाणी साखळीच्या बाजारात शिरतं हे मी तुला सांगायला नको. मे अखेरचा गडगडाट सुरू झाला की प्लग उपटून ठेव, नुसतं बटण बंद करून भागत नाही. फायबरच्या काचेच्या धाग्यातून वीज येत नाही, ती येते राउटरच्या अडॅप्टरमधून, म्हणून तोही काढ. वीज गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालतो पण राउटर झोपतो. त्याच्यासाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो, राउटरवरचे व्होल्ट वाचून तो घे. मीटिंग अर्ध्यावर तुटणार नाही.

दिवा साधा, मान वळणारा, उजेड कागदावर पाडणारा, स्क्रीनवर नव्हे. फार पिवळा नको, फार निळसर पांढराही नको. डब्यावर ४००० केल्विन लिहिलेलं असलं की बरं पडतं.

एवढं सगळं करूनही सलग बसू नकोस. डोळ्यांचे डॉक्टर सांगतात ते खरं आहे: दर २० मिनिटांनी २० सेकंद, २० फुटांपलीकडे बघायचं. माझ्या खिडकीतून कुळागर दिसतं, सुपारीच्या शेंड्यांवर नजर टाकून परत येतो. तुझ्या उत्तरेच्या खिडकीबाहेर फणस होता. त्याची फांदी खिडकीवर आली असेल तर पावसाआधी छाटून घे, नजरही मोकळी होईल आणि उजेडही वाढेल.

आमचा मेस्त पुढच्या आठवड्यात मोकळा आहे, त्याच्याशी बोलून ठेवलंय. तो साखळीला यायला तयार आहे, फक्त बसचं भाडं वेगळं दे आणि दुपारचं जेवण घाल. तू मला तीन मापं कळव: कोपराची उंची, त्या खोलीच्या उत्तरेकडच्या भिंतीची लांबी, आणि खिडकीच्या खालच्या कडेची जमिनीपासूनची उंची. टेबलाची फळी त्या कडेच्या वर जाता कामा नये, नाहीतर खिडकीची दारं उघडणार नाहीत. प्लाय फोंड्यालाच घेऊ, टेंपोतून पाठवतो.

काकींना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
गुरुदास

ता. क. खुर्ची घ्यायला निघशील तेव्हा आदल्या दिवशी फोन कर. मीही येतो, दोघं बसून बघू आणि मगच ठरवू.