पणजोबांच्या मोटेचं चाक

निफाड, जि. नाशिक

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

गेल्या खेपेला तू म्हणालास, पूर्वीची माणसं सुखी होती. मी गप्प बसलो. पण परवा जुनं घर उतरवताना माळ्यावर मोटेचं, म्हणजे बैलांनी विहिरीतून पाणी ओढायच्या कातडी पिशवीचं, चाक सापडलं. बाभळीचं. मजुरानं सरपणात टाकलं होतं, मी ओढून बाजूला काढलं. मोटेच्या दोरानं, नाड्यानं, एकाच बाजूला खाच पाडलीय, अर्धं बोट आत जातं.

आजोबा सांगायचे, कोंबडा आरवायच्या आत पणजोबा मोट धरायचे. बैल धावेच्या उतारावरून खाली जायचे, मोट वर येऊन विहिरीकाठच्या थारोळ्यात रिकामी व्हायची, की बैल पाठमोरे वर यायचे. दिवस उगवून मावळेपर्यंत हेच. पणजी वाफ्यात पाण्याची दारं धरायची. पौषातल्या थंडीत गव्हाला पाणी द्यायचं म्हणजे पाय बधिर. तिच्या टाचांच्या भेगांत आजोबा लहानपणी मेण भरायचे.

गंमत बघ, नांदूर-मधमेश्वरचा बंधारा 1911 साली पुरा झाला, पुढं 1916 ला दारणा धरण. पाणी अडलं आपल्या उशाशी आणि कालवे गेले कोपरगावाकडं! आपलं रान वरच्या अंगाला, म्हणून मोट काही सुटली नाही. एकदा पणजोबा बैलगाडीतून गूळ घेऊन नाशिकला गेले, तिथं घोडे रुळावरून ट्राम ओढताना बघितले. घरी येऊन म्हणाले, "हे बैलांना सांगू नका रे, मोट ओढायची सोडतील." आजोबा हे सांगताना दरवेळी आधीच हसायचे.

1918 सालाबद्दल मात्र ते फार बोलत नसत. पाऊस दडी मारून बसला, बाजरी फुलोऱ्यातच करपली, आणि त्यातच मानमोडीची, म्हणजे फ्लूची, साथ. आजोबा तेव्हा आठ वर्षांचे. धाकटी बहीण गेली, एवढंच सांगायचे.

चाकाशेजारच्या डब्यात मोडी लिपीतला एक कागद होता. तालुक्यातल्या एका जाणत्याकडून वाचून घेतला. 1919 चं कर्जखत. सावकाराकडून बाजरी दिडीनं घेतली, म्हणजे सुगीला मणाला दीड मण द्यायची. गहाण काय ठेवलं, तर "चांदीचे वाळे, जोड 1". वाळे पोरीच्या पायात घालतात, दत्ता. ते कुणाचे, हे मी विचारणार तरी कुणाला? खाली पणजोबांचा अंगठा, शाई पसरलेली.

वाळे परत आले की नाही, ते कागदात नाही. शेवटच्या ओळीतले दोन शब्दही लागले नाहीत, पाणी पडून पुसलेत. तुझे मामा मोडी वाचतात ना? संक्रांतीला येशील तेव्हा त्यांनाही घेऊन ये, मळ्यात हुरडा आहेच. चाक अंगणात ठेवलंय. पोरं त्यावर बसून मोबाईल बघतात, मी काही बोलत नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अशोक