बेलवलकरांना पहिला नंबर नाही

फोंडा,
आषाढ, भर पावसात

प्रिय सुहास,

परवा फोनवर वाद अर्धाच राहिला. कथा-कादंबऱ्या-नाटकांतलं सगळ्यात उदास करणारं माणूस कोण, असं मी विचारलं. तू तडकाफडकी ‘अप्पासाहेब बेलवलकर’ म्हणालास आणि बस आली म्हणून फोन ठेवलास. मला ते मान्य नाही. इकडे पाऊस ठाण मांडून बसलाय, विजेचा लपंडाव चाललाय, तेव्हा भांडायला भरपूर सवड आहे.

बेलवलकरांचे हाल झाले हे कोण नाकारतो? पण शिरवाडकरांनी १९७० साली त्या म्हाताऱ्याला काय भाषा देऊन ठेवली आहे, बघ ना! रस्त्यावर बसून घर मागतो तेव्हासुद्धा शेवटच्या रांगेतला माणूस सावरून बसतो. आपल्या जत्रेतला ‘नटसम्राट’ आठवतो? वीज खात्यातल्या आपल्या मीटरवाल्याने बेलवलकर केले होते. ऐन स्वगतात दाढी एका बाजूने सुटली. पठ्ठ्याने ती डाव्या हाताने दाबून धरली आणि उजव्या हाताने अभिनय चालू ठेवला. कुणी हसलं नाही. पुढच्या बायका पदराने डोळे पुसत होत्या, आणि पडदा पडल्यावर त्याच बायका जत्रेच्या दुकानांत खाजं घेताना घासाघीस करत होत्या. बेलवलकर रडवतात, मान्य. पण माणूस रडून मोकळा होतो, खाजं घेऊन घरी जातो. त्या नाटकात मला कुणी छळत असेल तर ती त्यांची बायको, कावेरी. सगळं तिला आधी दिसतं, ती सांगून बघते, आणि मरून जाते. तिचं एक तरी वाक्य तुला पाठ आहे का? अप्पांची मात्र पानंच्या पानं पाठ.

माझा पहिला नंबर रशियातल्या एका कारकुनाला. गोगोलच्या ‘ओव्हरकोट’मधला (१८४२) अकाकी अकाकियेविच. काम काय, तर कागदांच्या नकला करायच्या. त्यातच तो सुखी. जुना कोट इतका विरलेला की शिंपी ठिगळ लावायलाही तयार नाही. मग नव्या कोटासाठी याची काटकसर सुरू: संध्याकाळचा चहा बंद, मेणबत्ती बंद, आणि रस्त्यावरून चालताना पाऊल हलकं टाकायचं, का, तर तळवे लवकर झिजू नयेत म्हणून. कोट येतो. पहिल्याच रात्री चोर तो अंगावरून ओढून नेतात. दाद मागायला गेला तर एक बडा अधिकारी त्याला असा झापतो की तो तापाने फणफणून मरतो.

इथपर्यंत ठीक आहे रे, दुःखाच्या गोष्टी अशाच असतात. पुढचं बघ. कचेरीतून शिपाई चौकशीला जातो आणि येऊन सांगतो, तो आता यायचा नाही, चार दिवसांपूर्वीच पुरला. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागेवर नवा कारकून बसलेला. याच्याहून उंच, आणि अक्षर जास्त तिरपं. संपलं! त्या तिरप्या अक्षराने मला जेवढं खचवलं तेवढं बेलवलकरांच्या सगळ्या स्वगतांनी मिळून खचवलं नाही. नंतर गोगोल त्याचं भूत आणतो, ते लोकांच्या अंगावरचे कोट पळवतं. मला वाटतं लेखकालाच ते तिरपं अक्षर सोसलं नसावं.

काफ्काच्या ‘मेटामॉर्फॉसिस’मधल्या साम्साचंही तसंच (१९१५). माणसाचा किडा होतो याचीच सगळे चर्चा करतात. मला शेवटचं पान सोसत नाही. तो मेल्यावर आई, बाप, बहीण ट्रामने शहराबाहेर फिरायला जातात, ऊन पडलेलं असतं, आणि पोरगी आता लग्नाची झाली हे आईबापांच्या लक्षात येतं. मन कसं हलकं झालंय सगळ्यांचं!

आता तू ‘कोसला’ काढशील, मला ठाऊक आहे. पांडुरंगची धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते ते प्रकरण मी अजून सलग वाचू शकत नाही. तरी ते उदास करत नाही, कारण पांडुरंग तिची जागा भरू देत नाही. तो चिडतो, बरळतो, हिशेब मागतो. ज्याच्यासाठी कुणीतरी इतकं आकांडतांडव करतं तो अकाकीपेक्षा भाग्यवानच म्हणायचा. जी. ए. कुलकर्णींच्या ‘स्वामी’ या कथेतला माणूसही असाच. मठात जिवंत गाडलेला, सुटकेची आशा नाही, पण त्याने वाढवलेला वेल वर उजेडात पोचतो. लोक जीएंना निराशावादी म्हणतात. मला ती गोष्ट वाचून उभारी येते, आता काय करणार?

उलट विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मधला चक्रधर. त्याच्यावर जीव लावणारी हॅर्टा जीव देते, ती मनाला लागतेच. पण खरा थंड पडलेला आहे तो हा. १९३९ ची कादंबरी, आणि माणूस आजचा वाटतो.

भाची सध्या विनी द पूह वाचते, त्यातलं ते रडकं गाढव, ईयोर. त्याला लोक उगाच या यादीत घालतात. वाढदिवसाला त्याला फुटलेला फुगा आणि रिकामी बरणी मिळते, तर हा फुगा बरणीत घालतो, बाहेर काढतो, परत घालतो, आणि खूश! शिवाय मित्र त्याला सगळीकडे नेतात. बाद.

आपल्याकडचं एक राहिलं. पुंडलीक नायकांची ‘अच्छेव’, कोंकणीतली, १९७७ ची. शेतं सोडून खाणीवर गेलेली माणसं आणि हातातून निसटत गेलेला गाव. तुझ्या मामाच्या डिचोलीकडच्या शेतात पावसाबरोबर खाणीची तांबडी माती उतरायची, ती आठवून परत वाच. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा मामा ट्रकचे हप्ते मोजत अंगणात बसलेले मी पाहिलेत. शेत आधीच गेलेलं, मग खाणही गेली. या कादंबरीतल्या कुणा एकाला नंबर देता येत नाही, म्हणून यादीबाहेर ठेवतो. पण मला विचारशील तर अकाकीच्या अगदी शेजारी.

आता तुझी बाजू लिही. ‘बेलवलकर ते बेलवलकर’ एवढंच लिहिलंस तर उत्तर देणार नाही. आणि चवथीला येशील तेव्हा माझी ‘रणांगण’ची प्रत आण. गेल्या चवथीला नेलीस ती नेलीसच. काकींना नमस्कार सांग.

देव बरें करूं.

तुझा,
नंदू